अर्जावरची सही

उमादेवीने मॅट्रिकच्या अर्जात फारसीच्या जागी चित्रकला लिहिली, हे घरात कळलं ते दुसऱ्या दिवशी. अर्ज उर्दूत होता. तिचा थोरला भाऊ वीरण्णा तो एकदा नजरेखालून घालावा म्हणून बसला आणि ओळींवरून बोट फिरवत 'मुसव्विरी' या शब्दापाशी येऊन थांबला. त्याला वाटलं, चुकून लिहिलं असेल. त्याने तिला हाक मारून विचारलं. तिने सांगितलं, चुकून नाही.

हैदराबाद संस्थानात फसली तेराशे त्रेपन्न साल चालू होतं, म्हणजे इसवी सनाचं एकोणीसशे त्रेचाळीस. लातुरात मुलींची शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं उमादेवी घरी बसून, वीरण्णाच्या जुन्या पुस्तकांवर शिकली होती. वीरण्णा तीन वर्षांपूर्वी मॅट्रिक होऊन तहसील कचेरीत कारकून लागला होता, आणि फारसीत त्याचा हात धरणारा त्याच्या वर्गात कुणी नव्हता. ती फारसीच घेणार, आपल्या वह्या वापरणार, हे त्याने धरून चाललेलं. तो रागावला नाही, पण अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. आई, पार्वतम्मा, चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "चित्रांचीबी परीक्षा असती का? मला न्हाई खरं वाटत."

उमादेवीला वाटलं होतं, अप्पा आपली बाजू घेतील. तिचे वडील शंकरप्पा सरकारी दवाखान्यात कंपौंडर होते. औषधांच्या खोक्यांतले पाठकोरे कागद ते लहानपणापासून तिच्यासाठी जपून आणत. त्या कागदांवर तिने दवाखान्याच्या बाटल्या काढल्या, खल-बत्ता काढला, बाकावर नंबर लावून बसलेली खेड्यातली माणसं काढली. एका म्हाताऱ्याचं चित्र तर अप्पांनी डॉक्टरांना नेऊन दाखवलं होतं.

त्या दिवशी अप्पा जेवायला बसले होते. वीरण्णाने सांगितलं तसा त्यांचा हात ताटातच राहिला.

"चित्रकला नको," ते म्हणाले. "फारसी घे. हिसाब घे. दुसरं काही घे."

तिने कारण विचारलं.  ते अर्धी भाकरी तशीच टाकून उठले, हात धुऊन दवाखान्यात निघून गेले. उमादेवी दारात उभी राहून त्यांची पाठ बघत राहिली. अठरा वर्षांत अप्पांनी तिला एखादी गोष्ट कारण न सांगता नाकारल्याचं तिला आठवेना.

पण नको म्हटलं तरी त्यांनी अर्ज फाडला नव्हता. त्या आधारावर तिने पुढचं पाऊल उचललं. घरी शिकलेल्या उमेदवाराने चित्रकला घेतली तर ती आपल्याकडे शिकली आहे अशी एखाद्या चित्रकला शिक्षकाची सही अर्जावर लागायची. अख्ख्या लातुरात असा माणूस एकच, मुलांच्या हायस्कुलातले माधवराव मास्तर. बावन्न वर्षांचे, मुंबईच्या चित्रकलेच्या परीक्षा दिलेले, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. त्यांच्या शाळेतसुद्धा मॅट्रिकला चित्रकला कुणी घेत नसे. खालच्या वर्गांना ते फळ्यावर पान-फूल काढून द्यायचे आणि पोरं ते वहीत उतरवायची, इतकंच.

ती चित्रांची गुंडाळी घेऊन त्यांच्या घरी गेली. मास्तर खिडकीपाशी बसले होते. त्यांची बायको यशोदाबाई तिथेच तूर निवडत होत्या. अर्ज भरला आहे हे ऐकल्यावर मास्तरांचा चेहरा उतरला. मॅट्रिकला चित्रकला कशासाठी, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग चित्रं मागितली. यशोदाबाईंनी उठून गुंडाळी सोडली, एकेक कागद त्यांच्या हातात दिला, आणि देताना सहज म्हणावं तसं म्हणत गेल्या, किती बाटल्या काढल्यात पोरीने, हा म्हातारा कसा बसलाय बघा. मास्तर प्रत्येक कागद डोळ्यांजवळ धरत, थोडा वेळ थांबत, आणि खाली ठेवत.

शेवटचा कागद ठेवून ते म्हणाले, "तुझा हात नाही, मुली. हे कष्टाने येत नसतं. फारसी घे."

ती काय बोलली, कशी उठली, हे तिला नंतर कधीच नीट आठवलं नाही. घरी आली तेव्हा गुंडाळी तिच्या काखेत होती आणि एक चप्पल मास्तरांच्या ओसरीवरच राहिली होती.

अकरा दिवस तिने पेन्सिल हातात घेतली नाही. वीरण्णाने फारसीची वही तिच्यापुढे ठेवली, ती उघडून बसायची आणि तेच पान बघत राहायची. अप्पा येता-जाता तिच्याकडे बघत आणि कोट खुंटीला अडकवत. बाराव्या दिवशी तिने पाच नवी चित्रं काढली. हात नाहीच तर नाही, पण नेमकं कुठे चुकतं हे मास्तरांनी चित्रावर बोट ठेवून सांगावं, मग आपण फारसी घेऊ, असं तिने ठरवलं. पेन्सिलीच्या रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून गठ्ठ्यावर एक कोरा कागद ठेवला आणि पुन्हा गेली.

ती पोचली आणि तेवढ्यात दारात तेलीण आली. यशोदाबाई बरणी घेऊन बाहेर गेल्या. आत मास्तर आणि उमादेवी दोघंच. तिने गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, चूक कुठे आहे तेवढं दाखवा. मास्तरांनी वरचा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे थोडा तिरपा केला.

"इथे रेघ कापते आहे तुझी," ते म्हणाले. "आणि डावीकडे सावली फार दाट झाली. सगळं काळं करून टाकलंस."

उमादेवीला आधी वाटलं, चित्राची बाजू त्यांच्याकडे असेल आणि आपल्याला मागची दिसत असेल. ती वाकून पुढे सरकली. दोन्ही बाजू तिने बघितल्या. मास्तरांचं बोट कागदाच्या मधोमध होतं आणि त्या बोटाखाली काही नव्हतं.



"मास्तर," ती म्हणाली, "तो कागद कोरा आहे."

मास्तरांचं बोट कागदावरच राहिलं. यशोदाबाई तेलाची बरणी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि उंबऱ्यावरच बसल्या. मास्तरांनी कागद मांडीवर ठेवला.

"तुझं एकही चित्र मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "मागचीही नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काचबिंदू. उजवा डोळा चार वर्षांपूर्वी गेला, डावा दोन वर्षांपासून जातो आहे. आता बोरूच्या नळीतून बघावं तेवढं मधलं दिसतं, तेही धुरकट. फळ्यावरची पानं-फुलं हाताला पाठ आहेत. मुलांच्या वह्या घरी येतात आणि त्यांवर गुण यशोदाबाई देतात, ज्या स्वतः दुसरीपर्यंत शिकल्या. नोकरीची तीन वर्षं उरली आहेत आणि पदरी मूलबाळ नाही. खालच्या वर्गांत हे निभून जात होतं. पण मॅट्रिकचा विद्यार्थी म्हणजे त्याच्यासमोर बसून चित्र सुधारून द्यावं लागणार. म्हणून ते खोटं बोलले होते.

"मग माझा हात?" उमादेवीने विचारलं.

"मला माहीत नाही. असेलही. नसेलही."

तिला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. अकरा दिवस ज्या वाक्याखाली ती दबून गेली होती त्याला काही आधारच नव्हता, हे कळल्यावर तिच्या आत काहीतरी गार आणि कडक झालं. तिने पिशवीतून अर्ज काढून मास्तरांपुढे ठेवला.

"सही करा," ती म्हणाली. "केलीत तर मी कुणाला सांगणार नाही."

यशोदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.  मास्तरांनी दौत मागितली. यशोदाबाईंनी त्यांचं बोट धरून कागदावर नेमक्या जागी टेकवलं आणि त्यांनी सही केली. सही सरळ, वळणदार आली.

रस्त्यावर आल्यावर उमादेवीला आपण काय बोललो ते उमजलं. ती घरी गेली नाही, दवाखान्यात गेली. अप्पा औषधाच्या खिडकीत होते. रांग संपेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग आत जाऊन तिने सांगितलं की माधवराव मास्तरांना दिसत नाही.

अप्पा औषध मोजायचा पेला धुत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला माहीत आहे. दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांचे थेंब मीच देतो."

उमादेवीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग चित्रकला नको म्हणताना त्यांचा ताटात थांबलेला हात तिच्या डोळ्यांपुढे आला.

"अकरा दिवस मी पेन्सिल धरली नाही, अप्पा. तुम्ही बघत होता."

"बघत होतो." त्यांनी पेला पालथा घातला. "या खिडकीवर माणूस मला जे सांगतो ते मी घरी नेत नाही, उमा. तुझ्यासाठीसुद्धा नेलं नाही. बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही."

तिने अर्ज पुढे केला. सही बघून ते चकित झाले, कशी दिली म्हणून विचारलं. तिने खरं ते सांगितलं. अप्पांनी अर्ज हातातून असा खाली ठेवला, जणू भाजला. ते स्टुलावर बसले. तिला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडले असते तर तिला बरंच वाटलं असतं. पण त्यांनी फक्त खिडकीचं दार लावून घेतलं आणि अर्ज घडी करून तिला परत दिला. मुदतीचे दोनच दिवस उरले होते. संध्याकाळी वीरण्णाने, यातलं काही माहीत नसताना, अर्ज टपालात टाकला.

तिसऱ्या दिवशी यशोदाबाई त्यांच्या घरी आल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. पार्वतम्माने पाट मांडला, पण त्या बसल्या नाहीत. मास्तरांनी उमाला बोलावलं आहे, एवढंच म्हणाल्या. 

मास्तर उभेच होते. ते म्हणाले, "त्या कागदावर लिहिलंय की तू माझ्याकडे शिकलीस. ते खोटं आहे आणि त्याखाली माझं नाव आहे. परीक्षेला चार महिने आहेत. रोज ये."

तिने माफी मागायला तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. आधी मी खोटं बोललो, नंतर तू अडवून सही घेतलीस, ते आता राहू दे, असं ते म्हणाले आणि यशोदाबाईंना पाटावर एक पितळी लोटा आणि दोन कांदे ठेवायला सांगितले.

अशी शिकवणी तिने कधी ऐकली नव्हती. ती चित्र काढायची आणि काढताना रेघ न् रेघ बोलून दाखवायची. लोटा कांद्याच्या किती पट उंच, मध्ये किती जागा सुटली, कोणती कड कोणत्या कडेमागे गेली. मास्तर लोट्यावरून हात फिरवून, खिडकी कुठे आहे ते ध्यानात घेऊन, उजेड कुठे पडायला हवा ते सांगत. ती सावली काळी म्हणाली की विचारत, तव्यासारखी काळी की ओल्या मातीसारखी? सांगता सांगता तिला बघायची सवय लागली. पूर्वी ज्या वस्तू तिला एका नजरेत कळल्या असं वाटायचं त्यांच्यात तिला कितीतरी न बघितलेलं दिसायला लागलं. अधूनमधून यशोदाबाई तूर बाजूला ठेवून कागदावर नजर टाकत आणि म्हणत, हा कांदा हवेत राहिलाय. आणि तो खरोखरच हवेत राहिलेला असे.

अप्पा तिच्याशी हळूहळू पूर्वीसारखे बोलू लागले. पाठकोरे कागद पुन्हा येऊ लागले. खिडकीवरची गोष्ट मात्र दोघांनीही पुन्हा काढली नाही.

परीक्षेचं केंद्र नांदेडला होतं. वीरण्णा तिला घेऊन मोटारीने अहमदपूरमार्गे गेला आणि दोघं पार्वतम्माच्या चुलतबहिणीकडे उतरली. बाकीचे पेपर झाल्यावर शेवटच्या दिवशी चित्रकला. मुलींत ती एकटीच होती. तिच्यापुढे स्टुलावर एक घागर, एक वाडगा आणि घडी घातलेलं फडकं ठेवलं होतं. ती मनातल्या मनात सगळं बोलत गेली आणि काढत गेली. वेळ संपायच्या आधी तिचं चित्र पुरं झालं. मास्तरांकडे चार महिन्यांत काढलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा हे बरं आहे, असं तिला वाटलं. परतताना मोटारीत ती वीरण्णाशी एवढं बोलली की तो म्हणाला, गळा बसेल तुझा.

निकाल तीर या फसली महिन्यात, ऐन उन्हाळ्यात लागला. उमादेवी दुसऱ्या वर्गात पास झाली होती. पार्वतम्माने गूळ वाटला. आठ दिवसांनी गुणांचा कागद आला. इतिहासात सत्तर. उर्दूत चौसष्ट. चित्रकलेत एकेचाळीस.

वीरण्णाने तो आकडा दोनदा वाचला. मग कागद तिच्या हातात दिला. ती कागद घेऊन ओसरीवर बसली आणि दुपारचं ऊन अंगणातून पार सरकून गेलं तरी उठली नाही. पस्तिसाला पास. सहा गुण वर. मास्तर पहिल्या दिवशी न बघता जे बोलले ते खरंच होतं की काय, हा विचार डोक्यात शिरला आणि तो काही केल्या बाहेर निघेना.

संध्याकाळी ती मास्तरांकडे गेली. त्यांनी आकडा विचारला, तिने सांगितला. यशोदाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तपासणारा आंधळा असला पाहिजे."  त्यांनी लगेच पदर तोंडाला लावला.

मास्तर म्हणाले, परीक्षेत काय काढलंस ते पहिल्या रेघेपासून सांग. तिने सांगायला सुरुवात केली. कागदावर जागा कशी धरली, घागरीची उंची कशी मोजली. घागरीचं तोंड वरून दिसत होतं, म्हणून ते चपट्या गोलासारखं काढलं. मास्तर मान हलवत होते. गळा, पोट, पोटावरचा उजेड. मग खाली तळाला सरळ आडवी रेघ.

मास्तरांची मान थांबली.

"सरळ?"

"स्टुलावर ठेवली की तळ सपाटच की, मास्तर."

"आणि इथे काढलेला लोटा? तांब्या? डबा? सगळ्यांचे तळ?"

ती म्हणाली, सगळ्यांचे तसेच; पण तळाशी आल्यावर ती रोज 'तळ काढला' एवढंच म्हणत आली होती. यशोदाबाईही म्हणाल्या, हो, तसेच होते, मला तर बरोबर वाटले.

मास्तर उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.  तोंड गोल दिसतं तर तळाची कडही गोलच दिसते, ते म्हणाले, वरच्यापेक्षा जास्त गोल. पाचवीतलं पोर ही चूक करतं आणि मी ती पहिल्या आठवड्यात पुसून देत असे. चार महिने, रोज, तू माझ्यासमोर बसून ही चूक करत होतीस. तपासणाऱ्याने तळ बघितला असेल आणि पुढे काही बघितलंच नसेल.

उमादेवीने कोनाड्यातला लोटा काढून पाटावर ठेवला आणि समोर बसली. सूर्य कलला होता, पण दिसत होतं. तळाची कड वाकलेली होती. स्वच्छ दिसत होती. ती इतके दिवस लोट्याकडे बघत होती आणि तळाकडे आल्यावर मात्र तिने जे ठाऊक होतं ते काढलं होतं, दिसत होतं ते नाही. तिला मास्तरांचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा, आणि तोही पुरता येईना. 

"माझे डोळे माझ्यापुरते गेले असं मी समजत होतो," मास्तर म्हणाले.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी ते स्वतः सदर मुदर्रिसांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, गेले. यशोदाबाईंना ताप होता, म्हणून उमादेवी बरोबर होती. मुख्याध्यापक हैदराबादचे, वयस्क गृहस्थ. मास्तरांनी उर्दूत, थोडक्यात, सगळं सांगितलं. डोळे, दोन वर्षं, वह्या, गुण. मुख्याध्यापकांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी टेबलावरचा कागदाचा गठ्ठा उचलून मास्तरांपुढे धरला आणि मास्तरांनी हात दुसरीकडेच नेला. मुख्याध्यापकांनी गठ्ठा हळूच खाली ठेवला. या माणसाच्या शेजारी ते सहा वर्षं रोज हजेरीच्या वेळी उभे राहिले होते.  मग त्यांनी मुलीबद्दल विचारलं. मास्तरांनी उमादेवीच्या अर्जावरच्या सहीचं आणि तळाच्या रेघेचंही सांगून टाकलं. तिने मध्ये बोलून सही कशी मिळवली ते सांगितलं. मुख्याध्यापकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तिचा निकाल लागलेला आहे, त्यात मी हात घालणार नाही, असं ते म्हणाले. मास्तरांना मात्र डॉक्टरांचा दाखला आणून नोकरीतून मोकळं व्हावं लागेल. उद्यापासून येऊ नका. मास्तर म्हणाले, आजपासूनच.

दाखला शंकरप्पांनी स्वतः नेऊन दिला. श्रावणाच्या आधी मास्तर आणि यशोदाबाई माहूरला मास्तरांच्या भावाकडे राहायला गेले.

उमादेवीला अहमदपूरच्या मुलींच्या शाळेत सहायक शिक्षिका म्हणून जागा मिळाली. मुलाखतीत तिला विचारलं, चित्रकला हा विषय तुमच्या सनदेवर आहे, तो शिकवाल का? तिने सांगितलं, एक वर्ष नाही. आधी मला शिकायची आहे. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण जागा दिली.